दाराच्या आतलं सूत

आमच्या घरात कुणाला ऐकू आलं नाही की एकच उपाय: ओरडायचं. त्यावरही नाही आलं तर आणखी ओरडायचं. वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे बारीक नळ्यांवर सूत गुंडाळायची. मी दातांची डॉक्टर झाले, जुळे सोलापूर या नव्या वस्तीत दवाखाना टाकला, फ्लॅट घेतला, पण आवाज काही कारखान्यातून बाहेर आला नाही. मी "आ करा" म्हटलं की बाहेर बाकावर बसलेला पेशंटसुद्धा तोंड उघडतो, अशी माझी ख्याती आहे.

पन्नाशीला टेकल्यावर मी एक खुळेपणा केला. पुण्यातली एक वर्गमैत्रीण मुलाकडं परदेशी निघाली होती. तिच्याकडं वीसेक वर्षांची जुनी एक स्पोर्ट्स कार होती, ती मी घेऊन आले. लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच सीटांची, आणि वर मागं दुमडता येणारं कापडी छप्पर. कॉलेजात असल्यापासून मला अशी गाडी पाहिजे होती. का, ते विचारू नका. कुणाला सोनं पाहिजे असतं, मला ही पाहिजे होती. सोसायटीत चार दिवस लोकांची करमणूक झाली. "मॅडम, दोनच सीटा? मग भाजीची पिशवी कुठं ठेवायची?" असं एका काकांनी विचारलं. "तुमच्या डोक्यावर," मी म्हटलं, तेव्हा ते गप्प बसले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली आले ते थेट छपराकडं गेले. अंगठ्यानं कापड चोळलं, एक कडा उलटी करून बघितली. "वीण घट हाय," म्हणाले. "पर ह्ये पांघरायचं का ह्येच्याखाली बसायचं?" सगळा जन्म चादरीत घालवलेल्या माणसाकडून एवढी पावती म्हणजे पुष्कळ झाली. मी त्यांना शेजारी बसवलं. गुडघ्यांना शिव्या देत ते खाली खाली गेले आणि एकदाचे टेकले. विजापूर रोडला लागल्यावर मी हौसेनं गाणं लावलं, त्यांच्या आवडीची, ढोलकीवरची जुनी लावणी. दोन ओळी झाल्या असतील नसतील, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हात पुढं करून ते बटण चाचपायला लागले.

"बंद कर. नुसती कलकल होतीया."

मला राग आला. मला राग लवकरच येतो, त्यात नवल काही नाही. पण घरी येऊन भांडी आपटताना लक्षात आलं की हा राग नव्हे, मला रडू येतंय.

कारण याच माणसानं आम्हाला गाणं ऐकायला शिकवलं होतं. सुट्टीच्या दिवशी अण्णा टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन बसायचे. गाणं चालू असताना कुणी बोललं तर हाताचा पंजा वर करायचे, की आम्ही पोरं जिथल्या तिथं थांबायचो, पाण्याचा तांब्या हातात असला तरी. त्या माणसाचे कान कारखान्यानं खाल्ले. एकदम नाही, बारीक आवाजापासून सुरुवात करून. आधी स, श, फ, त गेले. जाड आवाज शिल्लक राहिले. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही. अण्णांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्लीची माणसंच शब्द खातात. मी कानाचं मशीन आणून दिलं, तर "भाकरी मोडली की कानात पत्रा फाटतोय" म्हणून त्यांनी ते आठ दिवसांत सेफ्टी पिनांच्या डबीत टाकलं. आता आमची भाकरी कडक, त्याला मी काय करणार?

आई होती तोवर हे एवढं जाणवलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि अण्णा हळूहळू बोलायचेच थांबले. कट्ट्यावर जाणं सोडलं. लोक हसले की आपणही हसायचं, याचा त्यांना वीट आला असावा. जेवताना मी ओरडून दिवसभराचं सांगायचे आणि ते ताटात बघत "व्हय, व्हय" म्हणायचे. ते व्हय खोटं असायचं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "अण्णा, आज दवाखान्यात हत्ती आला होता." "व्हय की," म्हणाले, आणि चटणी मागितली. मला हसू आलं नाही.

तेव्हा मी ठरवलं. बाकी काही नको, पण माझ्या या खुळ्या गाडीत माझ्या शेजारी बसून माझ्या बापानं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे.

आणि मग मी तेच केलं जे आमच्या घरात सगळे करतात: आवाज वाढवला. गाडीतले स्पीकर कंपनीचे, गाडीइतकेच जुने. ते काढून एका चकचकीत दुकानातून मोठ्यात मोठे बसवून घेतले. गाडी सुरू केली की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहायची. अण्णांना बसवलं, लावणी लावली. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. गाडी थांबवायला लावून खाली उतरले आणि तेवढ्या उन्हात घरापर्यंत चालत गेले. मी गाडी त्यांच्या मागं मागं हळूहळू घेऊन जात होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. हॉर्न वाजवायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या आठवड्यात एका पेशंटनं मला सोलापूरच्या पूर्व भागातला एक पत्ता दिला. त्याच्या तोंडात कापूस होता, म्हणून त्यानं तो कागदावर लिहूनच दिला. "गाडीतल्या आवाजाचं काम असेल तर हाच माणूस," असंही खाली लिहिलं होतं. एकेकाळी गल्लोगल्ली माग खडखडायचे तो हा भाग. आता निम्म्या घरांतले माग बंद आहेत. त्या माणसाच्या घरातलेही बंदच होते. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या पडवीत वडिलांच्या वेळचा एक माग, धूळ पुसून ठेवलेला. माणूस पंचेचाळिशीचा, चष्मा कपाळावर, घरात तेलुगू आणि गिऱ्हाइकाशी अस्सल सोलापुरी मराठी. एकटेच काम करायचे.

त्यांनी आधी गाडीत गाणं लावूनच बघितलं नाही. दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत गेले, मी दात वाजवून बघते तसं. मला माणूस तिथंच आवडला. मग माझे ते दांडगे स्पीकर ऐकले, अर्धा मिनिट, आणि बंद केले.

"हे कुणी घातलं, डॉक्टर?"

"मीच घालून घेतलं."

"कशाला?"

"माझ्या वडिलांना ऐकू येत नाही."

"मग ऐकू न येणाऱ्याला मारायचं असतंय का?" असं म्हणून ते हसले. मला एरवी कुणी असं बोललेलं चालत नाही, पण त्यांच्या हसण्यात खोट नव्हती. म्हणाले, "मोठा आवाज म्हणजे त्रासच की हो त्यांना. आवाज स्वच्छ पाहिजे. तुम्ही असं करा, त्यांना घेऊन या. ऐकणारा माणूस सीटवर बसल्याशिवाय मी गाडीला हात लावत न्हाई."

"अहो, पण ते येणार नाहीत. या गाडीचं नाव काढलं की खोलीचं दार लावून घेतात."

त्यांनी पडवीकडं बोट केलं. "मागं माग आहे म्हणून सांगा."

ते खरंच होतं, त्यामुळं खोटं बोलावं लागलं नाही. अण्णा रिक्षानं आले. गाडीकडं त्यांनी मान फिरवूनही बघितलं नाही, सरळ पडवीत गेले. मागाभोवती एक फेरी घातली, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेऊन त्याच्या टोकाला बोट लावलं, एक नट अंगठ्यानं हलवून बघितला. मी सवयीप्रमाणं मागून ओरडले, "अण्णा, हे दुकानाचे मालक!" त्यांनी वळूनही बघितलं नाही.

तेव्हा त्या माणसानं मला हातानं थांबवलं. ते अण्णांच्या पुढ्यात गेले, खिडकीच्या उजेडात तोंड येईल असे उभे राहिले आणि बोलायला लागले. आवाज न काढता. नुसते ओठ, भुवया आणि हात.

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांचेही ओठ हलायला लागले. त्यांनी तळहात आडवा धरून पुढं मागं हलवला, दोन बोटं दाखवली, कपाळाला हात लावला. समोरचा माणूस मान हलवत होता. मग दोघंही एकदम हसले, खो खो, आणि तो हसण्याचाच काय तो आवाज झाला.

मागाच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात माणसं असंच बोलायची. मी लहान असताना डबा घेऊन जायचे तेव्हा रोज बघितलं होतं. अण्णा चार माग ओलांडून पलीकडं असायचे, आई इकडं कांड्यांच्या चरख्याशी. ते ओठांनी काहीतरी म्हणायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. काय म्हणायचे ते मला कधी कळलं नाही. आणि घरीसुद्धा आई त्यांच्याशी पाठमोरी बोलल्याचं मला आठवत नाही. हातातलं काम टाकून समोर यायची, मग बोलायची. अण्णांचे कान कधीच गेले होते. आई होती म्हणून आम्हाला ते दिसलं नाही, एवढंच. आणि मी, एवढी शिकलेली बाई, चार वर्षं स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठीवर ओरडत होते. मला त्या पडवीत स्वतःची अशी लाज वाटली की मी बाहेर जाऊन उगाच गाडीचा आरसा पुसत बसले.

पडवीतून बाहेर आल्यावर अण्णा आपण होऊन गाडीत बसले.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. दुपारी दवाखाना बंद करून मी जेवायच्या वेळेत तिथं जायचे. त्या माणसाचा एक नियम होता: कंपनीनं केलेल्या भोकाशेजारी दुसरं भोक पाडायचं नाही. गाडीचा चेहरा जसाच्या तसा राहिला पाहिजे. जुना सीडी प्लेअर त्यांनी जागच्या जागी ठेवला. त्याच्यामागून वायर काढून आवाज वाढवणारा छोटा डबा सीटखाली असा बसवला की वाकून बघितलं तरी सापडू नये. दारं उघडली तर आत नुसता पोकळ पत्रा. "हा तेलाचा डबा आहे, डॉक्टर. डब्यात तानसेन जरी बसवला तरी तो डब्यासारखाच गाणार की." मग आतून काळी, डांबरासारखी जाड शीट चिकटवली आणि एका लाकडी लाटण्यानं दाबत दाबत बसवली. घाई नाही, सुरकुती नाही. प्लायवूडच्या कड्या स्वतः कापल्या, घासल्या, आणि जुन्याच जागेवर मध्यम आकाराचे स्पीकर बसवले. विजेची वायर गाडीच्या एका बाजूनं, आवाजाची दुसऱ्या बाजूनं. दोघी शेजारी शेजारी आल्या की इंजिनाची गुणगुण गाण्यात शिरते, म्हणाले. "भाऊबंदकी नको म्हणून वेगळं ठेवायचं." आणि अण्णांच्या पाठीमागं एक चपटा डबा, खालचा जाड आवाज सीटमधून पाठीला पोचवणारा.

मग जुळवणी. अण्णा सीटवर, ते समोर उकिडवे, बोट बटणावर. एकेक आवाज थोडा वर, थोडा खाली, आणि दर वेळी ओठांनी विचारणं: आता? अण्णा डोळे मिटायचे, मग पंजा वर करायचे, किंवा अंगठा खाली. असं रोज तास, दीड तास. मी दाताच्या मुळात सुई घालताना धरत नाही एवढा धीर त्या माणसानं धरला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कंटाळत कसे नाही?" ते म्हणाले, "मामा कुठं कंटाळलेत?" अण्णांना ते आता मामा म्हणायला लागले होते. अण्णा सकाळी माझ्या आधी आंघोळ करून, टोपी घालून तयार असायचे, हे मी त्या माणसाला सांगितलं नाही.

सगळं जुळलं आणि एक खोड राहिली. ढोलकीची जाड थाप पडली की डाव्या दारात काहीतरी खुळखुळायचं. अण्णांच्याच बाजूला. त्या माणसानं दार तीनदा खोललं, तीनदा बंद केलं. कान लावला, टॉर्च लावली, मीही आरसा घालून बघितलं, दातांचा. काही नाही. दोन दिवस गेले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. "असंच देणार न्हाई मी," म्हणाले. "जमत नसेल तर सगळं काढून घेतो."

आता कुठं माणूस टोपी घालून बाहेर पडायला लागला होता.

अण्णा आमचे चेहरे बघत होते. "काय खुळखुळतंय?" त्यांनी विचारलं. त्यांना ते ऐकू येत नव्हतं. त्या माणसानं ओठांनी आणि बोटांनी सांगितलं. अण्णा सीटवरून उठले, गुडघ्यांना शिव्या देत, आणि खोललेल्या दारापुढं जमिनीवर मांडी घालून बसले. गाणं लावा म्हणून खूण केली. तळहात पत्र्यावर ठेवला. डोळे मिटले.

"कानानं शोदू नगा," म्हणाले. "कान लबाड असतोय."

हात इंचाइंचानं सरकत होता. थांबला. जरा मागं आला. मग त्यांनी दोन बोटं आत घालून एक बारीक सळई धरली, कुलपाची, हँडलपासून खाली गेलेली. वीस वर्षांत तिची प्लॅस्टिकची पकड झिजली होती आणि ती पत्र्याला हलकेच शिवत होती. अण्णांनी धरली तसा खुळखुळाट थांबला, सोडली तसा सुरू झाला. त्यांनी आमच्याकडं बघितलं. मी त्यांचा हा चेहरा विसरले होते. कारखान्यात एखादा माग महिनाभर कुणाला दाद देत नसला की मालक त्यांना बोलावायचे, आणि ते असेच मागावर हात ठेवून उभे राहायचे.

"सूत हाय का?" त्यांनी विचारलं.

चादरीचं सूत नसलेलं घर त्या गल्लीत कुठलं? पडवीतून सुत गुंडाळलेला एक कोन आला. अण्णांनी सुताला मेण लावून घेतलं आणि सळईवर वेढा दिला, वेढ्याला वेढा लागून, आणि शेवटी अशी गाठ मारली की टोक दिसेना. पांढऱ्या सुताचे ते दोन इंच दाराच्या आत अजून आहेत. त्यांनी खूण केली. ढोलकी वाजली. दारात काही वाजलं नाही.

तो माणूस खाली वाकला आणि अण्णांच्या पायाला हात लावला. ओठ न हलवता, आवाजही न काढता. अण्णा लाजले. "आरं, काय रं ह्ये," म्हणाले, आणि टोपी सारखी करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अक्कलकोट रोडनं वळसंगकडं निघालो. छप्पर बंद, वेग कमी, म्हणजे वारा गाण्यात येणार नाही. लावणी लावली. मी रस्त्याकडं बघत होते, पण माझं सगळं लक्ष डावीकडं. त्यांनी तळहात दारावर ठेवला. पहिलं कडवं गेलं. बटणाकडं हात आला नाही. दुसऱ्या कडव्यात ते गायलाच लागले, मोठ्यानं, सुराबाहेर, आणि शब्द गाण्याच्या अर्धी ओळ आधीच. मी माझ्या जन्मात एवढं बेसूर आणि एवढं गोड काही ऐकलेलं नाही.

गाणं संपलं. "ऐकू आलं का, अण्णा?" मी ओरडले. रस्त्याकडं बघत. सवय, दुसरं काय! ते काहीच बोलले नाहीत. माझं तोंड त्यांना दिसतच नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली, एका बाभळीखाली, इंजिन बंद केलं. पट्टा काढला, पूर्ण त्यांच्याकडं वळले, आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं: ऐकू आलं का?

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले.

"समदं न्हाय," म्हणाले. "पर लई आलं."

मग माझ्या तोंडाकडं बघतच म्हणाले, "तू वरडत नसलीस म्हंजी तुजं त्वांड तुज्या आईवानी दिसतंय."

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हाताचा पंजा वर केला, लहानपणी करायचे तसा, आणि दुसऱ्या हातानं तेच गाणं पुन्हा लावलं.